बलदमधल्या फाटलेल्या खिडक्या

अनुराग मान दुखेपर्यंत वर बघत होता. जेद्दाच्या जुन्या बलद भागातल्या त्या घराला तीन रोशन, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या नक्षीच्या लाकडी खिडक्या. तिन्ही दुरुस्त केल्या रत्नागिरीच्या सुतार उस्मानचाचांनी, एकाच लाकडातून. दोन उभ्या फाटल्या, तिसरी ठणठणीत. असं कसं?

कामावरचे सुपरवायझर श्यामकांत, म्हणजे अनुरागचेच बाबा. लाकूड ओलं वापरलं, चूक सुताराचीच, असं ते म्हणून बसले होते. उद्या मालक आला की चाचांचं काम खलास, आणि चाचांची मुलगी इफरा शाळा सोडून गावी.

"अब्बा ओल्या लाकडाला हात लावत नाहीत," इफरा म्हणाली. "सांग तुझ्या बाबांना."

"ते माझं ऐकत असते तर माझे केस असे कापले असते का?"

शाळेला सुट्टीच होती. दोघं जिना चढून वर गेली. इफराने तिसऱ्या खिडकीत फळी आणि चौकटीच्या फटीत लायब्ररीचं कार्ड घातलं. नखभर आत गेलं. फाटलेल्या खिडक्यांत जाईना. फटी लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरून बुजवलेल्या, वर व्हर्निश.

इफराला घरचं ठाऊक होतं. अब्बा फळी खाचेत मोकळीच बसवतात. समुद्राच्या दमट हवेने ती फुगते, एसीने आकसते. कोंडली की फाटते.

रंगारी जमालुद्दीनला विचारलं, तर लांबीचा डबा संपला म्हणून तिसरी राहिली म्हणे. आणि बुजवायला सांगितलं कोणी? त्याने अनुरागकडे बघून खाली, बाबांच्या दिशेने, बोट केलं.

अनुराग जिन्यात बसून राहिला. मग तो उठला, खाली बाबांकडे गेला आणि सगळं सांगितलं. बाबा आधी भडकले. मग कार्ड घेऊन स्वतः वर गेले, तिन्ही खिडक्यांत घालून बघितलं आणि तिथूनच मालकाला फोन लावला. चूक माझी, सुताराची नाही, म्हणाले.

फोन ठेवून ते चाचांकडे वळले. "फट दिसली, मला वाटलं काम कच्चं आहे."

"विचारायचं होतंत, साहेब," उस्मानचाचा म्हणाले. इफराच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, पण बोलले अनुरागशी. "पोरा, लाकडातली खोट कुणीही दाखवील. बापाची चूक बापाच्या तोंडावर सांगायला छाती लागते."

मग त्यांनी लांबी खरवडायच्या पट्ट्या काढल्या. दोन दिवसांचं काम होतं. पहिली पट्टी श्यामकांतांनी उचलली, आणि बाह्या वर सारल्या.