डावीकडची सीट

मोबाईल खिशात टाका आधी. ऐकायचं असेल तर तोंड माझ्याकडे हवं. आणि कुणी मध्येच हसलं तर मी उठून झोपायला जाईन, मग बसा एकमेकांची तोंडं बघत.

रोडपालीतला धर्मराज मिस्तरी माझा रोजचा चहाचा सोबती. त्याचा उजवा गाल तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. स्टोव्ह भडकला, असं तो लोकांना सांगतो. मला त्याने खरं सांगितलं, आणि सांगताना त्याच्या हातातला चहा तसाच गार झाला.

मागच्या वर्षी पौषात जासईचा कल्पेश त्याच्या गॅरेजवर गाडी घेऊन आला. सात सीटची, जुनी, डिझेलची. बाजारातून उचललेली, आधीचा मालक कोण ते ठाऊक नाही. तक्रार एकच, की गाडी तापते. पण रोज नाही. कधीतरी काटा लाल पट्टीत जातो, उघडून बघावं तर पाणी संपलेलं, आणि गाडीखाली वाकून बघावं तर एक थेंब नाही.

कल्पेशच्या बायकोला, समृद्धीला, नववा लागला होता. पहिल्या खेपेला दवाखान्यात नेताना ट्रेलरच्या रांगेत अडकले होते आणि बाळ वाटेतच गेलं होतं. म्हणून या वेळी त्याने घरची गाडी घेतली. तो धर्मराजला एवढंच म्हणाला, "मिस्तरी, ऐनवेळी वाटेत उभी नाय राहिली पाहिजे. बाकी काय पन करा."

आता रोज तापणारी गाडी सोपी असते. कधीमधी तापणारी गाडी म्हणजे पाहुण्यांसमोर शहाणं होणारं पोर. गॅरेजमध्ये आली की एकदम गुणी. धर्मराजने रेडिएटरचं झाकण बदललं, पाइप दाबून बघितले, पंखा बघितला, पाण्याचा पंप खोलला. हवेचं प्रेशर देऊन गाडी तशीच ठेवली, तर प्रेशर जराही उतरलं नाही. मिस्तरी पिसाळला. शेवटी त्याने पुढच्या डाव्या सीटसमोरचा गालिचा उचलला, तर तो खालून ओला. हिरवं कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, गोडसर वासाचं.

सापडला चोर, म्हणाला; मग प्रेशर का उतरलं नाही, ते त्याने मनावर घेतलं नाही. गाडीतला हीटर आतून फुटला की कूलंट तिथेच उतरतं, बाहेर दिसत नाही. आपल्या पनवेलात हीटर लावतो कोण? त्याने पाइप बाहेरच्या बाहेर जोडून हीटर बाद करून टाकला आणि गाडी पळवून पळवून बघितली. तापली नाही. पण तो ट्रायल नेहमी एकटाच घ्यायचा. शेजारी माणूस बसवायचा नाही, हा त्याचा नेम. गिऱ्हाईक बडबडतं आणि इंजिन ऐकू येत नाही, असं त्याचं म्हणणं. तिथेच तो फसला.

संकष्टीच्या दिवशी गाडी पोचती करायला तो स्वतः जासईला गेला. कल्पेशची आई सत्यवती, तिचा उपास. चंद्र उगवल्याशिवाय मिस्तरीला सोडीना. ताटं वाढली, मोदक वाढले, आणि समृद्धी स्वयंपाकघराच्या दाराला धरून खाली बसली. कळा सुरू झाल्या होत्या.

ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर आमच्या बाजूचा रस्ता जाम आहे, वेळ लागेल म्हणाले. कल्पेशला चावी लावता येईना, म्हणून धर्मराज स्टिअरिंगवर बसला. मधल्या सीटवर सासू आणि सून. कल्पेश पुढे, डावीकडे. त्या गाडीत धर्मराजच्या शेजारी पहिल्यांदाच माणूस बसला.

गव्हाण फाट्यापर्यंत कल्पेश एकसारखा बोलत होता. डॉक्टरांना फोन लावा, हॉर्न वाजवा, असं काहीतरी. मग गप्प झाला. धर्मराजला वाटलं, देवाचं नाव घेत असेल. तेवढ्यात गोडसर वास आला. काटा चढायला लागला.

त्याने एसी बंद केला, वेग कमी केला. काटा चढतच होता. लाल पट्टी. बॉनेटच्या फटीतून वाफ. कंटेनर यार्डाच्या लांब भिंतीकडेला गाडी थांबवावी लागली. तिथे ना दुकान, ना दिवा. मागे समृद्धी ओठ चावून कण्हत होती. धर्मराजने बॉनेट वर केलं आणि पाण्याचा कॅन काढून ठेवला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे मिस्तरीला शिकवावं लागत नाही. वाट बघायची. दुसरं काय करणार?

कल्पेश खाली उतरून त्याच्या मागे येऊन उभा राहिला.

"काटा खाली आलाय," म्हणाला.

धर्मराजने आत डोकावून बघितलं. काटा अगदी तळाला होता. तो झटकन बॉनेटपाशी परतला. पाणी पार संपून आत नुसती वाफ उरली ना, की काट्याला ताप कळत नाही. तो थंड दाखवतो. तेव्हाच गाडी सगळ्यात जास्त पेटलेली असते.

"थंड झाली," कल्पेश म्हणाला. "उघड, दादा."

कल्पेशने त्याला कधी दादा म्हटलं नव्हतं...

धर्मराज वळणार, एवढ्यात मानेवर हात पडला. तोंड खाली रेडिएटरवर दाबलं. दुसऱ्या हाताने, उघड्या हाताने, कल्पेशने ते झाकण फिरवलं.

वाफ फुटली. गालाची कातडी गेली. धर्मराज ओरडला, कोपर मारलं. काही फरक नाही. त्या हाताने त्याचं तोंड लोखंडावर आपटलं. दात तुटला. पुन्हा आपटलं. पुन्हा वाफेत.

"तूच बोललास ना थंड झाली?" मागून आवाज आला. शांत. कल्पेशचा नाही. "मी झाकण उघडलं. मंग मान दाबलीस माझी... जमिनीसाठी, दादा? एवढ्याशा जमिनीसाठी?"

सत्यवती खाली उतरली. तिच्या हातात चाकाची टॉमी होती, ती लोखंडी कांब. पोटच्या पोराला तिने एकदा हाक मारली. त्याने बघितलं नाही. मग तिने कांब घातली त्याच्या दंडावर. हाड मोडल्याचा आवाज धर्मराजने ऐकला. तिने रडत रडत पुन्हा घातली. हात कोपराच्या वर वाकडा झाला.

पकड सुटली नाही.

"दवाखान्यात ने, बोललो होतो मी," तो आवाज म्हणाला. "शेजारी बसवलंस... आणि गाडी इथं उभी केलीस. मी मरेपर्यंत उभी केलीस."

गाडीतून समृद्धीची किंकाळी आली. धर्मराजचं तोंड रक्ताने भरलं होतं. त्याला वाटलं, आपण गेलो, आणि हे बाळही गेलं, याच रस्त्यावर. तो कसाबसा बोलला.

"नेतो... तुला नेतो दवाखान्यात. आत्ता. कुठं उभी नाय करणार."

ट्रेलरसुद्धा नाही रस्त्यावर.

मग बोटं सुटली. एक एक करून.

कल्पेश खाली कोसळला, आणि मग स्वतःच्या आवाजात आईला हाका मारायला लागला, हात मोडला ग, म्हणून. दोघांनी त्याला उचलून मागच्या बाकावर निजवलं. धर्मराजने कॅनमधलं पाणी ओतायला घेतलं. घाईत अर्धं रस्त्यावर सांडलं, उरलेल्याची आतल्या आत वाफ झाली. तसाच सेल मारून गाडी चालू केली. पुढे शेजारी कुणी बसलं नाही.

पोरांनो, तसं इंजिन पुढच्या वळणाला जाम व्हायला हवं. ते पनवेलपर्यंत आलं. काटा मध्यावर. धर्मराजने एकदाही डावीकडे मान वळवली नाही. मान दुखत होती म्हणून नाही. भीती वाटत होती, असं तो सरळ सांगतो.

दवाखान्याच्या दारात धावाधाव झाली. दोन स्ट्रेचर आले. एकावर समृद्धी गेली, एकावर कल्पेश. पहाटेच्या आधी मुलगी झाली, चांगली खणखणीत रडणारी. सत्यवती नातीला हातात घ्यायलाच तयार होईना. या हातांनी मी पोराचं हाड मोडलंय, म्हणत पदरात तोंड घालून बसली. धर्मराजला मलमपट्टी करून बाकड्यावर बसवलं होतं. पोरीचा आवाज ऐकून तो रडला. कल्पेशला मात्र फाट्यानंतरचं काहीच आठवत नाही.

सकाळी वॉचमन ओरडायला लागला, गाडी दारातून काढा. धर्मराज चावी घेऊन बाहेर आला.

पुढच्या डाव्या सीटचा पट्टा लावलेला होता. सीट रिकामी. पण पट्टा सीटला टेकलेला नव्हता. वीतभर पुढे होता, कुणाच्या तरी छातीवरून ताणल्यासारखा. धर्मराजने बटण दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. निघाला नाही. भंगारवाल्याने ती गाडी उचलून नेली, तेव्हाही तो पट्टा तसाच होता.