दुसऱ्या मयताची मुलगी

"चाळीस टी-शर्ट हवेत. काळे. आणि छातीवर एक मेलेला माणूस."

रुचिरानं कॉम्प्युटरवरून मान वर केली. काउंटरपलीकडे एक सावळा, उंच मुलगा उभा होता. गळ्यात हेडफोन, केसांतून पाणी निथळतंय, आणि शर्टाच्या खिशातून तो प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला पेनड्राइव्ह काढत होता. स्वतः चिंब भिजला होता, पेनड्राइव्ह मात्र कोरडा.

"गणपती मंडळाचे का?" तिनं विचारलं. गोरेगाव स्टेशनजवळच्या त्या छपाईच्या दुकानात श्रावण लागला की मंडळांचीच रीघ असे.

"नाही हो. मंडळ आमचंही आहे, पण... वेगळ्या देवाचं." तो हसला. "तुम्ही फाईल उघडा, मग सांगतो."

तिनं फाईल उघडली. आणि माउसवरचा तिचा हात तिथंच थांबला.

पडद्यावर तिरडी होती. तिरडीवर एक माणूस उठून बसला होता. गळ्यात झेंडूचा हार, नाकात कापसाचे बोळे, आणि चेहऱ्यावर असं मोकळं, तोंडभर हसू की बघणाऱ्यालाही हसू फुटावं. डाव्या भुवईत एक बारीक खाच होती.

ती खाच रुचिरा रोज बघत होती. विक्रोळीच्या घरी, देव्हाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर, चंदनाच्या हाराखाली. पासपोर्टच्या फोटोवरून मोठा केलेला तो एकच फोटो घरात होता. त्यात बाबा ताठ बसलेले, ओठ घट्ट मिटलेले. बाबा गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. ते हसताना कसे दिसायचे, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं.

"हा... कोण आहे?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"तेच तर कुणाला माहीत नाही!" मुलगा काउंटरवर पुढे झुकला. "'वळणावर उठतात' नावाचा पिक्चर आहे, वीस-बावीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा आठवडाभरही चालला नाही. कोकणातलं एक गाव असतं. मसणवाटेवर एक वळण. त्या वळणावर तिरडी आली की मयत उठून बसतं, चार मिनिटं मनातलं बोलतं आणि परत आडवं होतं. पहिला मेलेला शिव्या घालतो. तिसरी म्हातारी सुनेचं भांडं फोडते. पण हा दुसरा..." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "ह्याचं नावच नाही कुठं. दिग्दर्शक गेले, युनिट पांगलं. आम्ही फॅन लोक बारा वर्षं शोधतोय. आम्ही ह्याला नुसतं 'दोन नंबर' म्हणतो. मी कृणाल."

रुचिरानं ऑर्डर लिहून घेतली, आणि सरळ खोटं बोलली. "काळ्यावर हा रंग नीट उठणार नाही. उद्या या, नमुना दाखवते."

तो दुसऱ्या दिवशी आला. ती म्हणाली, शाई आलेली नाही. तो तिसऱ्या दिवशीही आला, दोन गरम वडापाव घेऊन.

"चाळीस टी-शर्टला किती दिवस लावतेस गं? रविवारी शो आहे मुलुंडला."

"घाई नाही ना कुणाला?" ती सहज बोलून गेली. "मग जरा बस की."

कृणालच्या हातातला वडापाव तसाच राहिला. तो तिच्याकडे टक लावून बघू लागला.

"तू पिक्चर बघितलायस!"

"नाही. का?"

"हाच तर त्याचा डायलॉग आहे! तो उठतो, हिरव्यागार शेताकडे बघतो आणि खांदेकऱ्यांना म्हणतो, 'घाई नाही ना कुणाला? मग जरा बसू या.' जवळजवळ हेच शब्द, आणि असंच, मान तिरकी करून..."

रुचिरानं मान सरळ केली. आई नेहमी म्हणायची, बोलताना मान तिरकी करतेस ती थेट बापासारखी. पण शब्दही रक्तातून येतात का? तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"कृणाल... ते माझे बाबा आहेत. दशरथ नाव त्यांचं. इथंच स्टुडिओत सुतार होते, सेटचं काम करायचे."

आता हा ओरडणार, मोबाईल काढून साऱ्या दुनियेला सांगणार, असं तिला वाटलं. पण तो बाहेर गेला आणि टपरीवरून दोन कटिंग घेऊन आला. तिच्यासमोर ग्लास ठेवताना चहा हिंदकळून काउंटरवर सांडला.

"ग्रुपवर सांगू?" त्यानं हळूच विचारलं.

"नको. आईला विचारल्याशिवाय नको."

"बरं," तो म्हणाला. बारा वर्षांचा शोध त्यानं त्या एका 'बरं'मध्ये घडी घालून ठेवून दिला. रुचिराला तो आवडायला लागला, तो त्या क्षणापासून.

"पण तुला काय एवढं त्यांचं?" तिनं विचारलं.

कृणाल वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. तो नऊ वर्षांचा असताना त्याचे आजोबा, चंदर, गेले. घरात पहिल्यांदा मयत बघून तो इतका घाबरला की महिनाभर आजोबांच्या खाटेकडे फिरकेना. "मग एका रविवारी टीव्हीवर हा पिक्चर लागला. तुझे बाबा उठले आणि हसले. मला वाटलं, माझा आजाही असाच कुठंतरी वळणावर बसून समुद्राकडे बघत असेल. भीती गेली ती गेलीच." तो खाली बघत राहिला. "एवढं देणारा माणूस कोण, ते कळायला नको?"

अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत कृणाल आवाजाचं काम करायचा. शुक्रवारी सकाळी रुचिरानं धीर करून त्याला फोन केला. "एक विचारायचंय. त्यांचा आवाज... तो त्यांचाच आहे, की दुसऱ्या कुणी दिलाय?"

"ये. दाखवतो."

छोट्याशा खोलीत गार अंधार होता. भिंतींना काळा स्पंज. "चित्र नाही दाखवणार," कृणाल म्हणाला. "चेहरा मोठ्या पडद्यावर बघ. आवाज इथं ऐक." त्यानं स्वतःचे हेडफोन तिच्या कानांवर नीट बसवले. त्याची बोटं तिच्या बटेला जरा अडली... त्यानं ती हळूच कानामागे सारली.

आधी वारा ऐकू आला. मग लांब कुठंतरी कावळा. आणि मग एक श्वास.

"हा ऐकलास?" त्यानं खुणेनं विचारलं. मग तिचा एक कान मोकळा करून हळू म्हणाला, "बोलायच्या आधीचा श्वास. शब्दाखाली तोच वारा आहे, तोच कावळा. डब केलं असतं तर हे असं सापडलं नसतं. हा आवाज त्यांचाच आहे, रुचिरा. तिथला. त्या दिवशीचा."

जाडसर, थोडा घोगरा, मालवणी हेल असलेला आवाज. तेवढ्या एका वाक्याचा, नऊ सेकंदांचा तुकडा. रुचिरानं तो अकरा वेळा ऐकला. बाराव्या वेळी तिला रडू फुटलं. कृणालनं तिच्याकडे पाहिलं नाही. नुसता हात टेबलावर उताणा ठेवला, हवा तर धर, नको तर राहू दे असा. तिनं तो धरला.

पण घरी आईचं काय?

आईचं नाव सुगंधा, आणि रागावली की तिच्यापुढे कुणाची टाप नसे. रुचिरानं विषय काढताच तिच्या हातातली कोथिंबिरीची जुडी खाली पडली.

"जित्या माणसान तिरडेर निजूचा नसता!" ती कडाडली. "मी सांगितलंलंय तेंका. हसण्यावारी नेल्यानी. वर्षाच्या आत तिरडी खरीच इली दारात. तो पिक्चर माका नाय बघूचा. तूही जायचं नाहीस."

रुचिरानं त्या रात्री कृणालला मेसेज करून सगळं कळवलं. शनिवारी संध्याकाळी तो स्वतः दारात उभा राहिला. रुचिरानं त्याला खुणेनं परत जायला सांगितलं, पण तो चपला काढून आत आलाच. आधी भिंतीवरच्या फोटोपाशी गेला आणि हात जोडून बराच वेळ उभा राहिला. मग जमिनीवर बसला.

"मावशी, तुमचं खरं की खोटं, ते मला नाही कळत. माझी आई सगुणा, वेसाव्याला मासे विकते, तीसुद्धा हेच म्हणाली असती. मी फक्त एक सांगायला आलोय. दरवर्षी तीनशे माणसं तुमच्या मालकांसाठी उभी राहतात. नाव माहीत नसताना. उद्या सकाळी अकराला. तुम्ही नाही आलात तरी राहतील."

आई उठून आत गेली. चहा करून त्याच्यापुढे ठेवला. तो गेल्यावर मात्र म्हणाली, "सुताराची हौस, दुसरं काय. तिरडी तेंनीच बांधलेली. ती मोडेल म्हणून नट निजायला तयार नाय. तेव्हा हे म्हणाले, मी बांधलेलं मोडत नाय, बघा. आणि निजले. पिक्चरचा साहेब म्हणाला, आता तूच ऱ्हव."

बावीस वर्षांत आईनं हे पहिल्यांदा सांगितलं होतं.

रविवारी सकाळी रुचिरा तयार होऊन बाहेर आली, तर आई दाराशी उभी. मोरपंखी पैठणी, हातात छत्री. "काय बघतंस? उशीर होतलो."

मुलुंडच्या त्या सभागृहात शिरताच रुचिरा थक्क झाली. तिनंच शेवटी छापून दिलेल्या काळ्या टी-शर्टमधली कॉलेजची मुलं होती, डोंबिवलीहून आलेलं निवृत्त शिक्षकांचं जोडपं होतं, कडेवर बाळ घेतलेली एक बाई होती. सगळ्यांना एकेक वाक्य पाठ. पहिल्या मयतानं शिव्या घातल्या तेव्हा अख्ख्या हॉलनं त्याच्याबरोबर घातल्या. आई रुचिरा आणि कृणालच्या बरोब्बर मधे बसली होती. तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

मग पडद्यावर दुसरी तिरडी आली आणि सगळं शांत झालं. कुणी सांगितलं नाही, कुणी खूण केली नाही... पण रस्त्यानं खरीच अंत्ययात्रा जावी तशी तीनशे माणसं एकेक करून उभी राहिली. शिक्षकांनी डोक्यावरची टोपी काढली. रुचिराही उठली.

तिरडीवरची चादर हलली. बाबा उठून बसले.

केवढे मोठे दिसत होते ते! भिंतीएवढे. आणि हलत होते, बघत होते, डोळे किलकिले करत होते. पाच वर्षांच्या मुलीनं आठवणीत जे हरवलं होतं ते सगळं समोर होतं – मानेवरची शीर, सुताराची रुंद बोटं, कानामागची पेन्सिल खोचायची जागा. त्यांनी शेताकडे पाहिलं आणि ते हसले. देवळात समई लागताना गाभारा उजळत जातो तसा तो सारा हॉल उजळत गेला, असं तिला वाटलं.

"घाई नाही ना कुणाला? मग जरा बसू या."

तीनशे माणसं खाली बसली.

आणि तेव्हा, इतका वेळ बसून राहिलेली एकटी आई उभी राहिली. पैठणीचा पदर तोंडाशी, डोळे पडद्यावर. मागून कुणीतरी अदबीनं म्हणालं, "काकी, बसा ना, आता बसायचं असतं."

आई वळली. "तो माझो घोव," ती म्हणाली. फार मोठ्यानं नाही. पण त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पिक्चर थांबला. दिवे लागले. मागच्या मुलीनं वाकून आईच्या पायाला हात लावला, मग तिच्या शेजारच्यानं. आणि मग रांगच लागली. "मावशी, नाव काय हो त्यांचं?" प्रत्येकाला तेवढंच हवं होतं. "दशरथ," आई प्रत्येकाला वेगळं सांगत होती, जणू पहिल्यांदाच सांगतेय अशी. "दशरथ. सुतार. देवगडकडचे."

रुचिरानं आईला त्या रांगेत राहू दिलं. ती बाहेर पायऱ्यांवर आली. कृणाल तिथं आधीच उभा होता, भिंतीला टेकून, डोळे लाल.

"रडलास?"

"हट्. धूळ गेली."

"पावसात धूळ?"

तो हसला, मग गंभीर झाला. "रुचिरा, मला तू..."

"थांब." तिनं बोट वर केलं. तीन दिवस तिला हाच प्रश्न पोखरत होता. "आधी खरं सांग. तुला मी आवडते, की दोन नंबरची मुलगी?"

कृणालनं भिंतीवरून पाठ काढली.

"पहिल्यांदा... दोन नंबरची मुलगी," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "खोटं कशाला बोलू. पण काल दिवसभर तुझा फोन आला नाही ना, तर एका सीरियलमध्ये मी सासूचा आवाज सासऱ्याला लावला. साहेबांनी धू-धू धुतला. त्यात तुझ्या बाबांचा काय संबंध?"

ती खळखळून हसली. मान तिरकी करून, तोंडभर. कृणाल बघतच राहिला, पण ह्या वेळी तो दुसऱ्या कुणाला शोधत नव्हता.

"मलाही," ती म्हणाली.

"मलाही काय?"

"कळत नाही का? आवाजाचं काम करतोस ना?"

"नीट रेकॉर्ड नाही झालं. परत एकदा..."

"तू मला आवडतोस, वेड्या!" ती बोलली, आणि आपण केवढ्यानं बोललो ते तिच्या उशिरा लक्षात आलं.

सभागृहाच्या दारात, माणसांच्या घोळक्यात, आई बोलायची थांबली होती. तिनं पायऱ्यांवरच्या त्या दोघांकडे पाहिलं, त्यांच्या गुंफलेल्या हातांकडे पाहिलं. रुचिरानं हात सोडवला नाही.

"कृणाल," आईनं हाक मारली, "तुझ्या आईक म्हणावं, येत्या रविवारी जेवायला या आमच्याकडे. आणि बांगडे तेवढे तीच घेऊन येऊ दे. माका विक्रोळीत ताजे गावनत नाय."

एवढं बोलून ती परत त्या माणसांकडे वळली आणि दशरथ लग्नाआधी तिला पहिल्यांदा बघायला आले, तेव्हा कसे एक शब्दही न बोलता तासभर बसून होते, ते सांगू लागली.