डिलोच्या तेलाचा आकडा

वासितीने धक्क्याजवळ वाळत घातलेल्या साबणांतली एक वडी इसिकेलीने न विचारता उचलली, होडीच्या वंगणाने माखलेले हात चोळले आणि तो किंचाळलाच.

"अगं, साबण आहे की निखारा?"

"चोराला असंच हवं!"

चोर म्हणण्याचा तिला हक्क होता आणि उचलण्याचा त्याला. दोघांची गावे एकमेकांची तौवू, म्हणजे एकाच पूर्वजदैवताची. अशा माणसांनी भेटताच परस्परांची यथेच्छ टिंगल करावी आणि कोणी रागावू नये, हा रिवाज. दक्षिणेच्या बेटावरचा इसिकेली तिच्या सावुसावू गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायला नुकताच उतरला होता.

हात धुता धुता त्याने विचारले, "तेल कुठलं?"

"डिलोचं, किनाऱ्यावरच्या त्या झाडाच्या बियांचं. एरवी नारळाचं असतं."

"आणि कॉस्टिक सोडा?"

"नारळाला घालते तेवढाच."

"तिथंच चुकलीस. प्रत्येक तेलाचं साबणीकरण मूल्य वेगळं."

"शाळा उद्यापासून, मास्तर. सरळ बोल."

"तेलाचा पुरता साबण व्हायला नेमका किती क्षार लागतो, तो आकडा. नारळाचा मोठा, डिलोचा लहान. जास्त घातलास की उरलेला क्षार हात जाळतो."

वासिती हसायची थांबली. त्या दुपारी दोघांनी सगळ्या वड्या किसल्या, वाढीव तेल घालून पुन्हा शिजवल्या. पुढे दर शनिवारी तो ढवळायला येऊ लागला. वाफेत त्याचे केस कपाळाला चिकटत... आणि तिची नजर तिथेच अडे.

एका शनिवारी तो म्हणाला, "लग्न कर माझ्याशी."

"गेल्या आठवड्यात माझ्या आत्यालाही हेच म्हणालास!"

"ती थट्टा होती."

"आणि ही?"

तो नुसता ढवळत राहिला. वासितीला राग आला, तो त्याच्यापेक्षा स्वतःचाच. ज्याच्या कोणत्याच शब्दाला वजन द्यायचे नाही असा रिवाज, त्याच्यावर जीव जडवून ती बसली होती. पुढचे दोन शनिवार इसिकेली फिरकला नाही. तिने एकटीने ढवळले; मिश्रण करपले.

तिसऱ्या शनिवारी त्याचे थोरले चुलते होडीतून उतरले. मागे इसिकेली, मान खाली. चुलते तिच्या वडिलांपुढे बसले आणि त्यांनी दोन्ही हातांवर देवमाशाचा दात पुढे धरला.

मुलीला मागणी घालताना देवमाशाचा दात देतात; तो कोणी थट्टेत आणत नाही.

वडिलांनी हात पुढे करण्याआधी दाराकडे पाहिले. "वासिती?"

तिच्या ओठांवर शंभर टोमणे आले होते. तिने एकही उच्चारला नाही.

"घ्या, बाबा," ती म्हणाली.