चिमट्यावरचा आकडा

रुग्णवाहिकेतल्या ताईंनी रुग्णाच्या घशात घातलेली श्वासाची नळी पहिल्याच खेपेला बसते, असा त्यांचा लौकिक होता. गाडीवर नवा कुणी आला की ड्रायव्हरकाका आधी हेच सांगत. ताई वरवर "पुरे हो काका" म्हणायच्या आणि मनातून सुखावायच्या.

त्या दुपारी दम्याचा एक म्हातारा स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेला सापडला. ओठ निळे, शुद्ध हरपलेली. ताईंनी घशातून नळी सरकवली आणि फुग्याने हवा द्यायला सुरुवात केली. नळी श्वासनळीऐवजी अन्ननलिकेत तर गेली नाही ना, हे पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचं असतं. पण म्हाताऱ्याची मुलगी टक लावून पाहत होती. तिच्यासमोर शंका कशाला दाखवायची! ताईंनी म्हाताऱ्यावर टाकलेल्या चादरीखाली चाचपडून एका बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला. यंत्रावर अठ्ठ्याण्णव आले.

"बसली?" काकांनी विचारलं.

"आपली कधी चुकलीय?"

गाडीत मुलगी पुढे काकांशेजारी बसली. मागे ताई एकट्या फुगा दाबत होत्या. म्हाताऱ्याचं पोट तट्ट फुगत चाललं होतं, चेहरा काळवंडत होता. दिसत होतं त्यांना. पण नळी उपसायची म्हणजे काचेपलीकडच्या दोघांसमोर नाक कापून घ्यायचं. आकडा तर चांगलाच होता. त्यांनी म्हाताऱ्याकडे बघायचं सोडलं आणि आकड्याकडे बघत राहिल्या.

रुग्णालयात डॉक्टरांनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि नळी ओढून काढली. "पोटात होती ही."

"पण ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव..."

"कुणाचा? चिमटा कुठंय यांना?"

म्हाताऱ्याचे दोन्ही हात मोकळे होते.

तो वाचला नाही. मुलीने बाहेर येऊन ताईंचा हात धरला. "तुम्ही किती झटलात हो माझ्या बाबांसाठी." ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं न सांगताच त्या मान खाली घालून गाडीत येऊन बसल्या.

यंत्र चालूच होतं. अठ्ठ्याण्णव.

वायर समोरच्या बाकावर गेली होती. तिथे कुणीच बसलं नव्हतं. चिमटा मात्र बोटभर उघडा होता, कुणाला तरी लावल्यासारखा.

त्यांनी त्या फटीत बोट घालून पाहिलं. बोट आत जाईना.

आकडा उतरू लागला. नव्वद. ऐंशी.

ताईंनी घाईघाईने मास्क उचलला. रिकाम्या बाकावर तो कुठे धरावा, तेच त्यांना कळेना.