खांदा न उचलता

दवाखान्याचं काचेचं दार ती डाव्या हातानं ढकलत होती. दार काही हलेना. मागे एक उंच, शिडशिडीत माणूस येऊन थांबला.

"मदत करू?"

"नको. जमेल."

तो थांबला. तिनं आणखी जोर लावला.

"तुमच्या जोराबद्दल शंका नाही," तो म्हणाला, "पण हे दार ओढायचं आहे."

तिनं ओढलं. त्याच्याकडे न बघता आत गेली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्याच. आत गेल्यावर कळलं, तिला ज्याच्याकडे पाठवलं होतं तो व्यायामाचे उपचार करणारा डॉक्टर हाच.

ती लोहाराची एकुलती एक लेक. बापाच्या जोडीनं ऐरणीशी उभी राहणारी. माळ्यावरून पडून उजवा हात मोडला, तो प्लास्टरमध्ये राहिला. प्लास्टर निघालं तेव्हा आतून काटकीच निघाली. चुलतभाऊ म्हणाला, "ताई, तू आता भात्यावर बैस. हातोडा मी सांभाळतो." बाप भट्टीतले कोळसे सारत राहिला. पण मोठ्या फाटकाचं काम आलं होतं आणि हातोडा कुणाच्या हाती द्यायचा ते महिनाअखेर ठरणार होतं. एकदा सुटलेली ऐरण परत मिळत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"स्नायू मेलेत का माझे?" तिनं विचारलं.

"नाही, रोडावलेत. स्नायू म्हणजे तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूत आणखी बारीक धागे असतात, काही जाड, काही पातळ. ते एकमेकांवरून सरकतात, स्नायू आखडतो आणि हाड ओढलं जातं. काम नसलं की तंतू बारीक होतात, काम दिलं की भरतात."

"म्हणजे बसून राहिलं की वाळतात. आमच्या भावाचं उलटं आहे."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जास्त बारीक व्हायचा. तिनं ते पाहिलं आणि लगेच खिडकीकडे बघितलं.

"आणि स्नायूला फक्त ओढता येतं," तो म्हणाला. "ढकलता येत नाही. कोपर वाकवताना पुढचा ओढतो, सरळ करताना मागचा. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं."

"दुसऱ्यानं नाही सोडलं तर?"

"तर दोघंही दमतात... आणि हात जागच्या जागी."

दुसऱ्या आठवड्यात ती मोठी वजनं उचलायला लागली. मान ताठ करून त्याच्याकडे बघायची. एके दिवशी तो मागे उभा राहिला आणि त्यानं तिच्या खांद्यावर तळवा ठेवला.

"आता उचला."

वजन जागचं हललं नाही.

"इतके दिवस खांदा आणि पाठ उचलत होते. दंड झोपलाय."

"वजन उचललं गेलं ना? मग झालं तर."

"ऐरणीवर अशीच खांद्यानं मारत राहिलात तर महिन्यात खांदाही जाईल. मग मलाही काही करता येणार नाही."

ती तडक निघून गेली. दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली, सगळ्यांत लहान वजन स्वतःच काढलं आणि खुर्चीत बसली.

"ठेवा हात," ती म्हणाली. "मला चोरी करू देऊ नका."

मग रोज तेच. त्याचा तळवा खांद्यावर, अगदी हलका, आणि तिचा घाम. दंडावर आधी नुसती थरथर, मग एक लहानशी फुगीर रेघ. ती दिसली त्या दिवशी तो खाली वाकला. नुसता बघत राहिला, आपल्याच घरात कुणी परीक्षेत पहिला आल्यासारखा.

"छाती धडधडतेय माझी," ती म्हणाली. "जिना चढून आले म्हणून असेल."

"असेल. हृदयाचा स्नायू दंडासारखाच पट्ट्यापट्ट्यांचा असतो, पण हुकूम ऐकत नाही. आतड्यांचेही ऐकत नाहीत, त्यांना तर पट्टेही नसतात."

"तुमचं ऐकतं?"

त्यानं वजनं रचायला घेतली. "हा प्रश्न... उपचारात बसत नाही."

महिनाअखेर ती म्हणाली, "उद्या दुकानात या. बघायला."

तो आला. भट्टी रसरसली होती. भाऊ कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. तिनं डाव्या हातातल्या सांडशीनं लालबुंद सळई धरली आणि उजव्या हातानं हातोडा उचलला. तो तिच्या मागे हातभर अंतरावर उभा होता. त्याचा हात सवयीनं तिच्या खांद्याकडे निघाला आणि वाटेतच थांबला. तो मागे सरला.

घाव पडला. सरळ, स्वच्छ. दुसरा पडला. खांदा जागचा हलला नाही. सळई हवी तशी वळत गेली.

बापानं ती सळई उजेडात फिरवून पाहिली. "भावाला भाता दे," तो म्हणाला. "फाटक तूच कर." मग पाहुण्याकडे वळून, "माझी पोर आहे ही," जणू त्याला माहीतच नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "आणि दंड तिनं स्वतः कमावलाय."

दाराशी तो घुटमळला.

"उद्यापासून दवाखान्यात येऊ नका. उपचार संपले."

"एवढी घाई, मला घालवायची?"

"हो. रुग्णाला मी काही विचारू शकत नव्हतो." त्यानं श्वास घेतला. "आता तू रुग्ण नाहीस... लग्न करशील माझ्याशी?"

आतून बापाची हाक आली, "अगं, लोखंड निवतंय."

"निवू दे, बाबा," ती त्याच्यावरून नजर न हटवता म्हणाली. "पुन्हा तापवू. आधी यांना हो म्हणून येते."