दिव्यांची दुसरी रांग

दोष जानरावचाच. नियम त्याचा, अन् मोडायला लावला तोही त्यानंच.

आम्ही पोलीसभरतीची पोरं संध्याकाळी विमानपट्टीवर पळतो. शेषरावकाकानं हे तिथंच सांगितलं, अंधार पडल्यावर.

कामरगावच्या रस्त्यावरून आत वळलं की पट्टी लागते. दुसऱ्या महायुद्धात बांधलेली. युद्ध संपलं, विमानं गेली, पट्टी राहिली. आता तिथं लोक गाडी शिकतात, अन् दिवाळीच्या तोंडावर अख्खं गाव सोयाबीन वाळू घालतं. रात्री कोणाची गाडी मालावर चढू नये म्हणून डिझेलच्या चिमण्या लावायच्या. पण एकाच कडेनं. काहून विचारलं, की म्हातारे डाफरतात. जानराव सगळ्यात जास्त.

गेल्या वसुबारसेची गोष्ट. आदल्याच रात्री एका जीपनं जानरावचं सोयाबीन तुडवलेलं. पोरगा राजू राखणीला निघाला, तर म्हातारा म्हणतो, "आज दोन्हीकडून लाव."

"बाबा, तुमीच तं म्हणता एकीकडूनच."

"मले शिकवू नको."

राजूनं लावल्या.

शेषरावकाका पलीकडं आपल्या मालापाशी आडवा झाला होता. "राजू, लगन हाये का रे तुह्यं? लय रोषणाई केली!"

"तुमाले नाही बोलावत काका. तुमी जेवता लय."

दोघं हसले. मग पडून राह्यले.

बाराच्या सुमाराला कुत्री गप झाली. रातकिडेही.

राजू उठून बसला. "काका... ट्रक येऊन राह्यला का?"

"कुठून?"

"वरून..."

काकाला काहीच ऐकू येईना. पण चिमण्यांच्या ज्योती एकदम आडव्या झाल्या. वारा नव्हता.

राजू दोन रांगांच्या मधात जाऊन उभा. मान वर.

"इकडं ये रे पोरा."

"थांबा काका... उतरून राह्यलं..."

त्या टोकाची चिमणी विझली. मग अलीकडची. मग तिच्या अलीकडची...

जवळ...

राजूच्या बाजूच्या चिमणीची पाळी आली. विझली.

काकानं बॅटरी लावली. पट्टीवर कोणीच नव्हतं.

उजाडता गाव जमलं, पोलीस आले. पसरलेल्या सोयाबीनवर चाकांचे रुंद माग होते. कडेपासून नाही, ऐन मधातूनच सुरू झालेले. राजू उभा होता तिथवर आले, अन् संपले. पुढं दाणा हललेला नव्हता.

तेव्हा जानराव बोलला. त्याचा बाप युद्धात या पट्टीवर दिवे लावायच्या कामाला होता. दोन रांगा पेटल्या की विमान उतरायचं. एका रात्री एक यायचं होतं. पहाटपर्यंत रांगा जळत ठेवल्या. आलं नाही. म्हणून बापानं बजावलं होतं, दोन रांगा पुन्हा लावू नको.

सत्तर वर्षांचा माणूस. एवढं पोराला सांगायला तोंड नव्हतं, पोलीस आले तेव्हा फुटलं.

राजू अजून सापडला नाही. जानरावला दुसरं लेकरू नाही.