बेचाळीस नंबरची कॅप्टन

पैज लागली ती कांदाभज्यांच्या दुसऱ्या घाण्याला.

लंडनजवळच्या ब्रॅकनेलमधला, ऑक्टोबरातला रविवार. श्रीकांतकाकांच्या कॉन्झर्व्हेटरीच्या काचेच्या छपरावर पाऊस टपटपत होता, आत सुनीतीकाकू भजी तळत होत्या, आणि शेजारची वैभवी चिपळूणकर, वय एकतीस, छोट्या विमानांची मोठी कॅप्टन, चौथं भजं तोंडात टाकत होती. तेवढ्यात काकांनी पिन मारली.

"वैभवी, तू एखाद्या पायलटच्याच गळ्यात पडणार बघ."

"पायलटच्या? काका, मी रोज त्यांच्या शेजारी बसते. ते सँडविच कसं खातात ते मला माहितीये."

"लावतेस पैज?"

"लावते. गुढीपाडव्यापर्यंत एकाही पायलटच्या प्रेमात पडणार नाही. पडले तर?"

काकांनी चष्मा पुसला. काका चष्मा पुसायला लागले की शहाण्या माणसाने उठून घरी जावं, पण भजी गरम होती.

"पडलीस, तर पाडव्याच्या कार्यक्रमात सगळ्या मराठी मंडळासमोर नऊवारी नेसून विमानातलं ते सेफ्टीचं नाटक करायचं. सीटबेल्ट, मास्क, लाइफजॅकेट, शिट्टी... सगळं. कॉकपिटचं दार लावून बसतेस म्हणून तुला कधी करावं लागत नाही ना?"

"आणि नाही पडले तर तुम्ही करायचं. नऊवारीतच."

"अगं, पण ह्यांनी वरची खोली उद्यापासून..." काकू म्हणायला गेल्या.

"सुनीती, भजं करपतंय," काका म्हणाले.

भजं करपत नव्हतं.

आता वैभवीच्या नोकरीतली एक भानगड आधी समजून घ्या. ती केस्ट्रेल एअरची कॅप्टन. केस्ट्रेल म्हणजे पंख्याची विमानं. साउथॅम्प्टनहून जर्सी, न्यूकासल, ग्लासगो. आणि हीथ्रोवर बसलेली अल्बियन म्हणजे बडं प्रकरण. जेट, न्यूयॉर्क, सिंगापूर. या दोघींमध्ये करार होता, त्याला सगळे 'फ्लो' म्हणत. अल्बियनला कॅप्टन लागले की केस्ट्रेलचे कॅप्टन इंटरव्ह्यूशिवाय तिकडे जायचे, पण लाइनीने. लाइन म्हटल्यावर इंग्रज माणसाच्या अंगात देव येतो. आधी नोकरीला लागला त्याचा नंबर आधी. एकाच दिवशी लागले तर वयाने मोठा तो पुढे.

वैभवीचा नंबर बेचाळीस. एक्केचाळीस नंबरवर ग्लासगो बेसचा कुणी एस. कर्णिक. तिच्याच दिवशी लागलेला, जेमतेम दोन-चार महिन्यांनी मोठा. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण न पाहिलेल्या माणसाला जितक्या शिव्या देता येतात तितक्या देऊन झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती युनिफॉर्म घालून, छत्री धरून बाहेर पडली, तर काकांच्या दारातून एक उंच तरुण कचऱ्याचं निळं बिन ओढत येत होता. हाफ पँट, अनवाणी पाय, केस पावसाने कपाळाला चिकटलेले.

"आज हिरवं," ती म्हणाली.

"काय?"

"बिन. आज हिरवं, निळं पुढच्या आठवड्यात. चुकीचं ठेवलं तर ते उचलत नाहीत, आणि समोरची मार्गारेट वर्षभर विसरत नाही."

"मग मी संपलोच. मी तिला आत्ताच हसून हात केला."

तो हिरवं बिन घेऊन परत आला. तिच्या खांद्यावरच्या चार सोनेरी पट्ट्यांकडे बघत थबकला. "केस्ट्रेल? मी पण. ग्लासगोहून ट्रान्सफर घेतलीये. सुयश... सुयश कर्णिक."

वैभवीची छत्री एका बाजूला कलली.

"एक्केचाळीस?"

"हो. म्हणजे तू..."

"बेचाळीस."

"व्ही. चिपळूणकर," तो हळूच म्हणाला. "मी कायम विचार करायचो, एवढं लांब आडनाव घेऊन माझ्यामागे कोण उभं आहे."

"तीन वर्षं तुझ्या मानेकडे बघतेय मी."

"कशी आहे?"

तिला बघायचं नव्हतं. पण एक थेंब त्याच्या केसांतून निघाला, मानेवरून सावकाश खाली उतरला, आणि डोळे त्याच्यामागे गेलेच.

"ओली," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. किल्ली हातातच होती, तरी ती पर्समध्ये शोधत राहिली.

काकांच्या खिडकीचा पडदा हलला. संध्याकाळी ती तडक तिथे गेली.

"काका, तुम्हाला माहीत होतं."

"काय गं?"

"तुमचा भाडेकरू पायलट आहे ते."

"अरे वा, पायलट आहे का तो? मला वाटलं पोस्टमन. बॅग केवढी मोठी त्याची."

"काही उपयोग नाही. पैज मीच जिंकणार."

"तूच गं, तूच," काका म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

दोन कॅप्टन एका विमानात बसत नाहीत. एक कॅप्टन आणि एक ज्युनियर, असा जोडा असतो. त्यामुळे त्यांचं जे काही झालं ते जमिनीवर झालं, एम-थ्री हायवेच्या ट्रॅफिकमध्ये. पेट्रोल वाचतं म्हणून एक गाडी, असं ठरलं. सुयश लेस्टरचा, आईवडील दोघं तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, म्हणून घरी त्याला स्वयंपाक कुणी शिकवला नाही आणि औषधं सगळ्यांनी शिकवली. तो थर्मासमध्ये आल्याचा चहा आणायचा, फार तिखट. ती तोंड वाकडं करायची आणि दुसरा कप मागायची.

"आवडत नाही तर पितेस कशाला?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि तिसरा?"

"...थंडी आहे."

आणि आकाशात? रेडिओवर गप्पा मारता येत नाहीत, सगळं जग ऐकत असतं. पण एकदा ती जर्सीहून परतताना समोरून, हजार फूट वरून केस्ट्रेलचं दुसरं विमान येत होतं, आणि त्याचे उतरायचे दिवे दोनदा लुकलुकले. पायलट लोक करतात असं, ओळखीचं दिसलं की. वैभवीनेही हात पुढे केला आणि दिवे दोनदा लुकलुकवले.

"कोण होतं?" शेजारच्या ज्युनियर ऋजुताने विचारलं.

"कुणी नाही. एक्केचाळीस नंबर."

"मग कॅप्टन, तुम्ही हसताय का?"

"मी हसत नाहीये. ऊन आहे डोळ्यावर."

बाहेर ढग होते. राखाडी, घट्ट, ब्रिटनचे असतात तसे.

फेब्रुवारीत मात्र आभाळ कोसळलं. अल्बियनने कळवलं: फ्लोचा करार मार्चअखेर संपतोय, पुढे वाढवणार नाही. शेवटच्या जागा भरल्या की दार बंद. आणि शेवटची जागा होती... एक्केचाळीस नंबरला.

त्या दिवशी गाडीत चहा कुणीच प्यायलं नाही.

"अभिनंदन," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. सहा वर्षांची असताना हीथ्रोच्या कुंपणाला नाक लावून तिने पहिलं मोठं जेट पाहिलं होतं, तेव्हापासून तिला तेच हवं होतं. एका माणसाच्या अंतराने ते गेलं होतं. आणि तो माणूस शेजारी बसून वायपरकडे बघत होता.

तिसऱ्या दिवशी क्रू रूममध्ये तिचा फोन वाजला. अल्बियनचा ईमेल. जागा तुमची, शुक्रवारपर्यंत कळवा.

वैभवीने ऋजुताला मिठी मारली, कॉफीचं मशीन थोपटलं, आणि मग जागच्या जागी थांबली. बेचाळीसला जागा येते कधी? पुढच्याने नाही म्हटलं तर. आणि एकदा नाही म्हटलं की माणूस लाइनीच्या शेपटाला जातो. इथे तर लाइनच संपणार होती.

ती पावसात तशीच कार पार्कमध्ये गेली. सुयश गाडीपाशी उभा होता, हातात थर्मास.

"तू नाही म्हणालास."

"मला ना... पंख्याची विमानं आवडतात. खरंच. त्यांना एक..."

"खोटं बोलताना तुझे कान हलतात."

त्याने कानाला हात लावला. "तुला ते किती हवंय ते मला माहितीये, वैभवी. तू एम-थ्रीवर ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना पण वर बघतेस. मी म्हटलं... मला चालेल."

"मला नाही चालणार." तिचा आवाज चढला नाही. विमानात काहीतरी बिघडल्यावर तो असाच खाली यायचा. "हवंय. खूप हवंय. पण तू खड्ड्यात उडी मारायची आणि मी तुझ्या डोक्यावर पाय देऊन पलीकडे जायचं, याला फ्लो नाही म्हणत. उद्या सिंगापूरला उतरेन तेव्हा मला वाटेल की हे मी उसनं घेतलंय. आणि तुला कधीतरी राग येईल. आज नाही येणार. दहा वर्षांनी, भांडी घासताना."

"दहा वर्षांनी," तो सावकाश म्हणाला, "आपण एकाच घरात भांडी घासतोय?"

पाऊस तिच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवरून ओघळत राहिला. बोलून गेल्यावर काय बोललो ते कळतं, तसं झालं.

"विषय बदलू नकोस," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत नकार मागे घेता येतो. फोन काढ."

"आणि तू?"

"मी पुढच्या दाराने येईन. बाहेरच्या लोकांसारखी. इंटरव्ह्यू, सिम्युलेटर, सगळं देऊन."

"तिथे शेकडो लोक असतात."

"बिचारे," वैभवी म्हणाली.

त्याने फोन काढला. ओल्या बोटांनी स्क्रीन चालेना, तेव्हा तिनेच आपल्या रुमालाने ती पुसली, आणि नकार मागे गेला. दोन डोकी त्याने गाडीतून काढलेल्या एका छत्रीखाली, आणि तिला त्याच्या श्वासातला आल्याचा वास आला. तेव्हा तिला स्वच्छ कळलं. परक्या माणसावर कुणी इतकं चिडत नाही. नऊवारी आणावी लागणार होती.

पण सांगितलं कुणालाच नाही. तिच्या इंटरव्ह्यूची तयारी मात्र दोघांनी मिळून केली. येता-जाता तो प्रश्न विचारायचा, ती उत्तरं द्यायची.

"एक इंजिन बंद पडलं. काय करशील?"

"विमान उडवीन."

"दुसरं पण बंद पडलं."

"तरी विमानच उडवीन. तू प्रश्न विचार, घाबरवू नकोस."

आणि मग पाडवा आला. मंडळाच्या हॉलबाहेर गुढीला वारा असा झोंबत होता की काकूंनी तिला बागेच्या दोरीने खांबाला बांधलं होतं. आत श्रीखंड, पन्हं, आणि माइक. माइक अर्थातच श्रीकांतकाकांच्या हातात.

"मंडळी, आज आपल्या वैभवीची आणि माझी पैज संपतेय. ती जिंकली तर मी नऊवारी नेसणार. सुनीतीने मापाची शोधून ठेवलीये. तर..."

मागचं दार उघडलं.

वैभवी आली. हिरवीगार नऊवारी, नाकात नथ, केसांत काकूंनी वेम्बलीहून आणवलेला गजरा, आणि गळ्यात पिवळंजर्द लाइफजॅकेट. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मार्गारेट, जिला पैजेचं सगळं माहीत होतं, टाळ्या वाजवायला लागली, आणि हॉल दणाणला.

सुयश श्रीखंडाच्या वाटीसकट उभा राहिला.

"वाचा, काका," ती म्हणाली.

काकांनी खिशातून कागद काढला. तयार होता. ऑक्टोबरपासून तयार होता. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. आपल्या हॉलला बाहेर जायचे चार दरवाजे आहेत."

वैभवीने दोन्ही हात पुढे, मागे केले, अगदी हवाईसुंदरीसारखे. "चारही तपासले मी. एकातूनही पळायचं नाही, असं ठरवलंय."

"ऑक्सिजन मास्क आधी स्वतःला लावा, मग शेजाऱ्याला."

"हे एका माणसाने पाठ करावं," ती सुयशकडे बघून म्हणाली. "तो स्वतःचा काढून दुसऱ्याला द्यायला निघाला होता. दोघं लावून बसले तर प्रवास लांबचा होतो."

सुयशचे कान लाल झाले. हलले मात्र नाहीत.

"लाइफजॅकेटचा दिवा पाण्यात पडला की आपोआप लागतो."

वैभवीने समोरचा पन्ह्याचा पेला उचलला आणि जॅकेटचा दिवा त्यात बुडवला. एक क्षण काही नाही. मग कैरीच्या रसात दिवा पेटला. तिने तो बाहेर काढला आणि तळहाताने झाकला, उघडला... झाकला, उघडला. दोनदा.

हॉलच्या मागून मोबाइलचा टॉर्च लुकलुकला. दोनदा.

"आता नाव सांग," काका म्हणाले. "नावाशिवाय पैज फिटत नाही."

"सुयश कर्णिक. आणि त्याला अजून एक गोष्ट माहीत नाहीये." तिने काकांच्या हातातला माइक घेतला. "अल्बियनने मला घेतलंय. पुढच्या दाराने. जूनमध्ये जॉइन व्हायचंय."

सुयशने वाटी कुणाच्या तरी हातात दिली आणि गर्दीतून वाट काढत पुढे आला. मग मध्येच थांबला. चेहऱ्यावर हिशोब दिसत होता.

"जून? पण फ्लोवाल्यांना केस्ट्रेल लगेच सोडत नाही. माझ्या जागी नवा कॅप्टन तयार होईपर्यंत मी इथेच. म्हणजे हिवाळ्यापर्यंत..."

"करारातच आहे ते. मी त्या करारातून जातच नाहीये, मी सरळ राजीनामा दिला."

"म्हणजे अल्बियनच्या लाइनीत तू..."

"तुझ्या पुढे." वैभवीने पाठ फिरवली, गजरा एका बाजूला सारला. बाहेरून येताना पडलेले पावसाचे थेंब अजून तिथे होते. "बघ आता माझ्या मानेकडे. कशी आहे?"

तो अगदी जवळ आला. माइक चालू आहे हे दोघंही विसरले होते.

"घाईत नाही सांगता येणार."

"किती वेळ हवाय?"

"रिटायर होईपर्यंत."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. काकांनी चष्मा काढला, पण पुसायचं विसरले. मग त्यांनी घसा खाकरला.

"हे सगळं छान आहे, कॅप्टनबाई. पण शिट्टी राहिली."

वैभवीने एका हाताने सुयशचा हात धरला, दुसऱ्याने शिट्टी तोंडात घातली, आणि अख्ख्या ब्रॅकनेलला ऐकू जाईल अशी वाजवली.